हातातून सुटलेला तिसरा स्ट्राइक

संत्र्यांचा तोडा, म्हणजे झाडावरची फळं उतरवणं, सुरू झाला की माझ्या डाव्या तळहाताला घाम सुटतो. बाकी सौंसरला या दिवसांत हुशारी चढलेली असते. दिवाळी नुकती उलटलेली, सकाळी शाल हवीशी वाटते आणि दुपारी ती कुठे टाकू असं होतं. बस स्टँडपासून नागपूरच्या रस्त्यापर्यंत संत्र्यांच्या गाड्या लागलेल्या, खाली तणस सांडलेलं, आणि सगळ्या गावाला सोललेल्या सालीचा तो डोळ्यांत जाणारा वास. लोक म्हणतात, काय सुंदर दिवस आहेत. असतील. मी कॉलेजला जाताना बागांचा रस्ता सोडून मुद्दाम वळसा घेते. पाच मिनिटं जास्त लागतात, पण झाडावरून फळ खाली पडल्याचा आवाज कानावर येत नाही.

यंदा तोड्याच्या जोडीला विद्यापीठाचं पत्र आलं. विद्यापीठातल्या बेसबॉलचा इतिहास आणि उपलब्धी यांचं एक पुस्तक निघणार आहे, प्रत्येक कॉलेजने आपली माहिती पाठवावी. सोबत तक्ता: वर्ष, स्पर्धा, निकाल, विशेष नोंद. ज्या कॉलेजात मी शिकले तिथेच आज खेळ शिकवते, तेव्हा हे काम माझ्याच गळ्यात येणार होतं. पहिलं वर्ष, दुसरं वर्ष, झरझर भरत गेले. तिसऱ्यापाशी हात थांबला. निकाल: उपविजेते, एवढं लिहिलं. पुढचा रकाना आठ दिवस कोरा राहिला. काय लिहायचं ते सुचत नव्हतं अशातली गोष्ट नाही. सुचलेलं लिहायची हिंमत होत नव्हती.

बेसबॉल आमच्याकडे आला तो ढोके सरांच्या पोत्यातून. सर कुठल्याशा शिबिराला गेले आणि येताना एका पोत्यात एक बॅट, चार ग्लोव्ह, एक मास्क आणि डझनभर चेंडू घेऊन आले. गावाची समजूत अशी झाली की मास्तर पोरींना क्रिकेट शिकवतायत, आणि तेही चुकीचं. बॅट गोल कशी, स्टंप कुठे गेले, असं चहाच्या टपरीवरून विचारणारे रोज दोघंतिघं असत. बेस म्हणून आम्ही सरकीच्या बोऱ्या मातीने भरून ठेवल्या होत्या. होम प्लेट, म्हणजे जिथे बॅट घेऊन उभं राहायचं आणि धावून जिथे परत यायचं ती जागा, ट्रकच्या जुन्या टायरमधून कापलेली होती. पहिल्या वर्षी आम्ही असे हरलो की परतीच्या बसमध्ये सर उठून ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. दुसऱ्या वर्षी एक सामना जिंकला, तेव्हा प्राचार्यांनी खूश होऊन आम्हाला कॅरेटभर संत्री वाटली. ज्यांच्या घरी संत्र्यांचे ढीग लागलेले त्या पोरींनी ती हसत हसत खाल्ली.

तिसऱ्या वर्षी मात्र आम्ही खरंच खेळायला लागलो, आणि त्याचं श्रेय बागांचं. नऊजणींपैकी सात तोड्यात वाढलेल्या होत्या. झाडावरचा माणूस फळ तोडून खाली टाकतो, खालची बाई झेलते. झेलताना हात फळाबरोबर किंचित मागे न्यायचा, नाहीतर साल दबते, आणि एक दबलेलं फळ पेटीतली दहा नासवतं. जे शिकवायला सरांनी महिना राखून ठेवला होता ते पोरींच्या हातात आधीच बसलेलं होतं.

पण तोड्याने आम्हाला आणखी एक शिकवलं होतं आणि ते काही केल्या जात नव्हतं. पडलेल्या फळाला आमच्या घरी हात लावत नसत. जमिनीवर आपटलेलं संत्रं मालात जात नाही, ते तोडणाऱ्यांचं. संध्याकाळी बाया ते पदरात भरून घरी नेत. मी बगिचावाल्याची पोर. लहानपणी एकदा मी पायाशी पडलेलं संत्रं उचललं, तर आईने सगळ्यांदेखत माझ्या हातावर चापट मारली. ते त्यांचं आहे, आपण घ्यायचं नाही. आईची शिस्त चांगलीच होती, आजही मी तिला नावं ठेवणार नाही. मैदानावर मात्र तिने घोळ केला. चेंडू जमिनीला लागला की मी त्याच्याकडे नुसती बघत उभी राहायची. सर शिट्टी फुंकून फुंकून लाल व्हायचे. तोडणाऱ्या घरच्या पोरींना ही अडचण नव्हती, त्या पडलेलं उचलतच वाढल्या होत्या. माझी सवय मोडायला दोन वर्षं लागली. मोडली, असं मला वाटलं.

प्रणाली आमची पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी. मी कॅचर, म्हणजे बॅटवालीच्या मागे उकिडवी बसून तो झेलणारी. तिचे वडील शालिककाका दरवर्षी मोहगावहून सायकलने आमच्या बागेत तोड्याला यायचे. काका झाडावर, प्रणाली खाली पदराची ओटी धरून. वर्गात ती माझ्या मागच्या बाकावर होती, पण बागेत आली की माझं नाव घ्यायची नाही. काही हवं असेल तर माझ्या आईकडे बघून बोलायची. मैदानावर आलो की चित्र पालटायचं. तिथे ती मला नावाने हाक मारून रागवायची, कुठी पाहून राहिली म्हणून विचारायची, ग्लोव्ह आणखी खाली धरायला लावायची. मला ते फार आवडायचं. त्या वीसबावीस पावलांच्या अंतरात ती सांगायची आणि मी ऐकायची, आणि दोघींनाही त्यात वावगं वाटत नव्हतं.

तिचा चेंडू गुडघ्याच्या उंचीवर सुसाट यायचा आणि शेवटच्या क्षणी थोडा बसायचा. बॅट वरून जायची. सर म्हणायचे, असा हात विद्यापीठात दुसरा नाही. विद्यापीठाच्या संघात नाव लागलं की जे प्रमाणपत्र मिळतं, त्याच्यावर खेळाच्या शिक्षिकेच्या कोर्सला जागा मिळणं सोपं होतं. प्रणालीला तेच व्हायचं होतं. दुसरं काही ती बोलतच नसे. काका मात्र या खेळाला अर्धेच राजी होते. लोक हसतात, पोरगी मोठी झाली, असं त्यांचं चालू असायचं. नाव लागलं असतं तर ते पुरे राजी झाले असते.

निवड करणारे अंतिम सामना बघायला येणार होते. सामना पांढुर्ण्याला, पांढुर्ण्याच्याच पोरींशी, ऐन तोड्यात.

आमच्या पोरी आधीच घाबरलेल्या. जाम नदीच्या काठी वर्षानुवर्षं समोरच्या सावरगावशी गोटमार, म्हणजे दगडफेकीचा सामना, खेळणारं गाव, तिथला नेम कसला असेल, असं एकमेकींना सांगून त्यांनी रात्रभरात आपला जीव अर्धा करून घेतला होता. गोटमारीत बायका उतरत नाहीत, हे कोणी ध्यानात घेत नव्हतं. नदीपलीकडून सावरगावचे लोकही आले होते, आणि निदान त्या दिवशी दोन्ही काठ एका बाजूने ओरडत होते. त्या कल्लोळात दोरीच्या कडेला मला शालिककाका दिसले. तोड्याचा दिवस सोडून आले होते. धुतलेला पांढरा सदरा, केसांना तेल. लग्नाला आल्यासारखे ते हाताची घडी घालून उभे होते आणि त्यांना पाहून प्रणालीने मान खाली घातली. तिला इतकी ताठलेली मी कधी पाहिली नव्हती.

शेवटच्या डावापर्यंत आम्ही एका रनने पुढे होतो. त्यांच्या दोघी बाद झालेल्या, दोघी बेसवर उभ्या, आणि बॅटवर उंचशी एक मुलगी. आणखी एक बाद की आम्ही जिंकलो. मास्कच्या आत घामाने माझे डोळे चुरचुरत होते. पहिला स्ट्राइक, म्हणजे बॅट फिरली आणि चुकली. मग दोन चेंडू बाहेर. मग दुसरा स्ट्राइक. ओरडा एकदम थांबला. तिसऱ्या बेसवरची मुलगी पायाने माती उकरत होती, तेवढाच आवाज. प्रणालीने चेंडू पाठीमागे धरला, माझ्याकडे पाहिलं. मी ग्लोव्ह गुडघ्याशी धरला.

इथे नियम सांगायला हवा. तीन स्ट्राइक झाले की बॅटवाली बाद, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तो तिसरा चेंडू कॅचरच्या हातात राहायला हवा. सुटून जमिनीवर पडला तर ती पळू शकते, बेसवरच्याही पळू शकतात, आणि चेंडू उचलून तिला बाद करेपर्यंत खेळ संपत नाही. हा नियम सरांनी आमच्याकडून शंभरदा घोकून घेतला होता. झोपेतून उठवून विचारला असता तरी मी सांगितला असता.

चेंडू आला. नेहमीसारखा, गुडघ्याशी, सरळ. बॅट हवेत फिरली आणि चुकली. चेंडू माझ्या ग्लोव्हमध्ये बसला, मला त्याचा धक्का मनगटापर्यंत लागला. आणि निसटला. माझ्या उजव्या पायापासून दोन हातांवर जाऊन पडला. मी तो पडताना पाहिला. पाहिला आणि उभी राहिले. बोट उचललं नाही. त्या घटकेला माझ्या डोक्यात विचार असा काही नव्हताच. पडलं ते पडलं, त्याला हात लावायचा नाही, एवढंच अंगाला माहीत होतं. मी मास्क काढला. आमच्या पोरी जिंकलो समजून हात वर करून धावत सुटल्या होत्या. त्यांच्या मधून प्रणाली माझ्याकडे पळत येत होती आणि ओरडत होती, "उचल! वैशाली, उचल!" तिने स्वतःच येऊन झडप घातली, पण तोवर पांढुर्ण्याची दुसरी मुलगी होम प्लेटवरून घसरत पलीकडे गेली होती. दोन रन झाले. आम्ही एकाने हरलो.

इथपर्यंतची चूक मी माफ केली असती, माझी स्वतःची म्हणून नव्हे, कोणाचीही. पुढे मी जे केलं त्याला चूक म्हणता येणार नाही. गुण लिहिणाऱ्याने सरांना विचारलं की हा दोष कोणाच्या नावावर टाकू. टप्पा पडून आलेला चेंडू सुटला तर दोष पिचरचा, सरळ आलेला सुटला तर कॅचरचा. त्यांच्या बाजूने माझ्या अंगाआड काही दिसलं नव्हतं. सर धापा टाकत माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "टप्पा पडून आला का बॉल?"

मी म्हटलं, "हो, सर."

प्रणाली चार पावलांवर उभी होती. तिने ऐकलं. माझ्याकडे पाहिलं आणि चेंडूची माती पुसत राहिली. ती काहीच बोलली नाही. का बोलली नाही, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही, कारण उत्तर मला येत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आणि काकांना आमच्याच बागेत यायचं होतं. दोरीशी उभ्या काकांना सरांनी सांगितलं, शेवटचा बॉल पोरीच्या हातून वाया गेला. काकांनी मान हलवली आणि सामान उचलून द्यायला लागले.

पांढुर्ण्याहून सौंसरची बस. आम्ही दोघी एकाच सीटवर होतो, कारण सगळ्या प्रवासात तसेच बसायचो. बाहेर कपाशीची शेतं मागे जात होती. मी तीनदा तोंड उघडलं. तीनदा पाण्याची बाटली काढून पाणी प्याले. सौंसर आलं तेव्हा ती उठली आणि माझी बॅग मला वरून काढून दिली. तिच्या बॅगेपेक्षा माझी जड होती.

पंधरा दिवसांनी निवडीची यादी लागली. कॅचर म्हणून माझं नाव होतं. आमच्या कॉलेजातून विद्यापीठाच्या संघात गेलेली पहिली मुलगी मी, आणि हे वाक्य आजही कॉलेजच्या फळ्यावर रंगाने लिहिलेलं आहे. त्याच प्रमाणपत्रावर मला कोर्सला जागा मिळाली, पुढे ही नोकरी. पुढच्या वर्षी प्रणाली मैदानावर आली नाही. तिचं मन उडालं असं आम्ही धरून चाललो. मला तर ते सोयीचंच होतं. तिच्यानंतर आमचं कॉलेज दोनदा विजेतं झालं, माझ्या हाताखालच्या तीन पोरी राज्यापर्यंत खेळल्या. उपलब्धी विचाराल तर कमी नाहीत. मी त्या पोरींना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवते, बॉल पडला की झेपावायचं, विचार नंतर. त्यांना वाटतं, मॅडम फार कडक आहेत.

नवव्या दिवशी मी रकाना भरला. लिहिलं: शेवटचा चेंडू सरळ आला होता, कॅचरकडून सुटला, पिचरची चूक नव्हती, कॅचर मीच होते. पाठवून दिलं. मोकळं वाटेल अशी अपेक्षा होती, तसं काही झालं नाही. दोन दिवसांनी विद्यापीठातून एका बाबूंचा फोन आला. फार अदबीने बोलले. "मॅडम, ये तो उपलब्धियों की किताब है. इसमें ये सब कौन पढ़ेगा?" ती ओळ काढून टाकतो, असं म्हणाले. मी म्हटलं, ती ओळ काढायची तर माझं नावही काढा. ते बघतो म्हणाले. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी ही गोष्ट अनोळखी बाबूला सांगितली, छापायला पाठवली, आणि जिची होती तिला अजून सांगितलेली नाही.

मोहगावला जायला सौंसरहून जीप मिळते. शेजारी बसलेल्या बाईच्या मांडीवर संत्र्यांची पिशवी होती आणि खड्डा आला की ती पिशवी माझ्या हाताला लागायची. चौदा वर्षांत प्रणाली मला दोनचारदा बाजारात भेटली होती. बरी आहेस ना, बरी आहे, एवढंच. ती आता अंगणवाडीत आहे. तिची आई गेल्यापासून काका तिच्याकडेच असतात. तिने मला अंगणात पाहिलं आणि हात पुसत बाहेर आली. आत बोलावलं नाही. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं, पाठ केल्यासारखं, टप्पा पडला नव्हता, मी खोटं बोलले.

तिने पूर्ण ऐकून घेतलं. चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं.

"मले मालूम आहे," ती म्हणाली. "मी तिथंच तर होती. मले काय सांगतं? बाबाले सांग. ते आजपर्यंत समजून राहिले का मीच घालवली."

मी हादरले. मला वाटलं होतं, विषय दोघींतच मिटेल. काका पडवीत खाटेवर बसून सुपारी कातरत होते. डोळ्यांना आता कमी दिसतं. मी कोण ते प्रणालीने सांगितलं तेव्हा ते लगबगीने उठायला लागले, खाटेवरची जागा झाडायला लागले, आमच्या घरचं माणूस आलं की करायचे तसे. मी त्यांना हाताला धरून बसवलं आणि खाली बसले.

"काका, पांढुर्ण्याच्या त्या मॅचमध्ये बॉल सरळ माझ्या हातात आला होता. माझ्याच्यानं सुटला. मी उचलला पण नाही. अन् सरांपुढे हिचं नाव घेतलं."

अडकित्ता थांबला. काकांनी सुपारीचे तुकडे एकेक करून डबीत टाकले, झाकण लावायला त्यांना वेळ लागला.

"म्हणजे हिचा बॉल बराबर होता?"

"बरोबर होता, काका."

"पुढच्या साली सर आले होते," ते म्हणाले. माझ्याशी नाही, डबीकडे बघून. "दोन खेपा आले. पोरीले पाठवा म्हणे, यंदा तिचं नक्की होते. हे माह्या पाया पडली. मी म्हटलं, ऐन वेळेवर तुह्याच्यानं होत नाही, पुन्हा लोकायपुढं मान खाली घालाची नाही मले." त्यांनी डबी बाजूला ठेवली. "मी नाही जाऊ देल्लं."

प्रणाली इतका वेळ दाराला टेकून उभी होती. मैदानावर त्या दिवशी ती रडली नव्हती, बसमध्ये नव्हती, यादी लागली तेव्हाही नव्हती. आता ती उंबऱ्यावर बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली, आणि उगी राहा म्हणायचा हक्क आम्हा दोघांपैकी एकालाही नव्हता.